तुझे चार प्रोसेसर कुठे गेले?

लामता, जि. बालाघाट
श्रावण

प्रिय सखे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. निम्म्यात एडिंबरातला पाऊस, उरलेल्यात घरमालकीणबाई, आणि शेवटच्या मिनिटात खरी गोष्ट. भाड्यानं घेतलेलं मशीन दुपारनंतर रडतखडत चालतं, प्रोसेसरचा आकडा साठ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि तुझी नदीच्या पुराची मॉडेलं संपता संपत नाहीत. वर मलाच दमात घेतेस, "तुमच्या लोकांनी माझे चार प्रोसेसर कुठे पळवले?" हॉस्टेलवर आमटी पातळ झाली की मेसच्या मावशींना याच आवाजात जाब विचारायचीस तू. मावशी तुला घाबरायच्या, मी नाही घाबरत.

उत्तर देते, पण आधी इकडचं ऐक. धानाची रोवणी संपली. बांध्या काठोकाठ भरल्यात आणि माझ्या खिडकीतून बघावं तिकडे हिरवंच दिसतं. आईनं यंदा थोडा चिन्नोर लावायला सांगितलाय. २०२१ साली त्याला जीआय मानांकन मिळाल्यापासून ती त्याच्याबद्दल असं बोलते, जणू घरातलं पोर बोर्डात आलं. रेल्वेची छोटी लाइन गेल्याचं तुला माहीत आहेच. आता मोठ्या लाइनीच्या गाड्या धडधडत जातात, आणि तुला आवडायचा तो डब्यातून हात बाहेर काढून पळसाला शिवायचा वेग काही राहिला नाही.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना माझं काम समजावत होती, "एका कॉम्प्युटरच्या पोटात ही पन्नास कॉम्प्युटर चालवते." काकू बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मग लाइटबिल एकाचं येतं की पन्नासाचं?" तुला सांगते, या धंद्याचा जन्म ज्या प्रश्नातून झाला तो हाच. एका मोठ्या यंत्राचा खर्च अनेकांत वाटायचा आणि तरी प्रत्येकाला अख्खं यंत्र आपलंच आहे असं वाटू द्यायचं. आयबीएमनं १९६०च्या दशकातच हे करून दाखवलं होतं, आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. आपल्या टेबलावरच्या इंटेलच्या चिपना मात्र ते नीट जमत नव्हतं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं सॉफ्टवेअरच्या करामतीनं जमवलं, आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनी चिपमध्येच सोय केली. त्याच सोयीवर आव्ही किविटी या माणसानं केव्हीएम लिहिलं, आणि २००७च्या फेब्रुवारीत ते लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झालं. मी दिवसभर ज्याच्याशी बोलते ते हेच.

केव्हीएमचं मला सर्वांत काय आवडतं सांगू? त्याचा साधेपणा. तुझं ते अख्खं मशीन माझ्या बाजूनं बघितलं तर लिनक्समधली एक साधी प्रोसेस आहे, आणि तुझे चार प्रोसेसर म्हणजे तिचे चार थ्रेड. कर्नलचा शेड्युलर ब्राउझरला किंवा डेटाबेसला जसा वेळ देतो, तसाच तुझ्या व्हीसीपीयूंना, म्हणजे या आभासी प्रोसेसरना, देतो. पाळी आली की थ्रेड गेस्टमध्ये, म्हणजे तुझ्या मशीनमध्ये, शिरतो आणि तुझा कोड खऱ्या चिपवर थेट, पूर्ण वेगानं धावतो. मध्ये कोणी दुभाष्या नसतो. गेस्टनं हायपरव्हायजरच्याच, म्हणजे केव्हीएमसारख्या मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच, अखत्यारीतलं काही मागितलं, किंवा बाहेरून इंटरप्ट आला, की चिप त्याला थांबवून ताबा होस्टकडे, म्हणजे माझ्या खऱ्या यंत्राकडे, देते. काम झालं की पुन्हा आत. हे आतबाहेर सेकंदाला हजारो वेळा चालतं आणि तुला पत्ताही लागत नाही. तुझ्या गेस्टकडे काम नसलं तर तो हॉल्टची सूचना देतो, आणि त्या क्षणी तो कोअर मी दुसऱ्याला देऊन टाकते.

म्हणून सखे, तुझे चार प्रोसेसर कुणी पळवले नाहीत. ते चार कधी तुझ्या एकटीचे नव्हतेच. तू घेतलेल्या स्वस्त प्रकारात एका खऱ्या कोअरवर अनेकांचे व्हीसीपीयू पाळीनं बसतात. रात्री शेजारी झोपलेले असतात तेव्हा तुला सगळं मिळतं, दुपारी सगळे जागे झाले की रांग लागते. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. वेळ ही वस्तू अशी आहे की आत्ता दिली नाही तरी पुढच्या क्षणी देता येते, आणि रिकाम्या कोअरनं कुणाचंच भलं होत नाही.

फक्त एका ठिकाणी हे फार बोचतं. गेस्टच्या कर्नलमध्ये एका व्हीसीपीयूनं कुलूप घेतलं आणि नेमकी तेव्हाच त्याची पाळी संपली, तर बाकीचे तिघे त्या कुलपासाठी जागच्या जागी गरगरत बसतात. आपली छोटी लाइन आठव. एकेरी रूळ, पुढची गाडी जंगलात उभी, आणि इकडे स्टेशनात आपण इंजिन चालू ठेवून नुसतंच इंधन जाळतोय. गेस्टला वाटतं, एवढंसं काम, आत्ता होईल. त्याला कुठे माहीत की कुलूपवाला झोपवला गेलाय. यावर इंटेलनं चिपमध्येच उपाय केला. व्हीसीपीयू एकाच जागी फार वेळ गरगरतोय असं दिसलं की चिप त्याला बाहेर काढते, आणि केव्हीएम त्याच मशीनच्या दुसऱ्या व्हीसीपीयूला पुढे सरकवून बघतं. दुसरा उपाय मला जास्त पटतो. गेस्टला सांगूनच टाकायचं की बाबा, तू आभासी आहेस. मग तो गरगरत न बसता स्वतःहून झोपतो आणि कुलूप सुटलं की त्याला उठवलं जातं.

हे सांगून टाकणं माझ्या डोक्यात इतकं का घोळतंय, ते मेमरीकडे आल्यावर कळेल.

मेमरीचं दुखणं वेगळंच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आपल्या त्या डायनोसॉरवाल्या पुस्तकातलं पेज टेबल आठवतंय ना? तोंडी परीक्षेत तू सरांनाच उलट प्रश्न विचारून बसली होतीस. प्रोग्रामचा पत्ता आभासी, टेबल त्याला खऱ्या पत्त्यावर नेतं. इथे आणखी एक मजला चढतो. तुझ्या गेस्टला जो पत्ता खरा वाटतो तोही खरा नसतो, त्याला माझ्या होस्टच्या खऱ्या रॅमपर्यंत पुन्हा न्यावं लागतं. पूर्वी हायपरव्हायजर गुपचूप एक तिसरं, सावलीचं टेबल ठेवायचा, आणि गेस्टनं आपलं टेबल बदललं की प्रत्येक वेळी त्याला थांबवून सावली दुरुस्त करायचा. मग एएमडीनं २००७ मध्ये आणि इंटेलनं २००८ मध्ये दुसरा मजला चिपमध्येच बांधला. थांबवाथांबवी गेली, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. साध्या मशीनवर एक पत्ता शोधायला वाईटात वाईट चार वेळा मेमरीत जावं लागायचं, इथे चोवीस वेळा. म्हणून मोठ्या कामाला चार केबीऐवजी दोन एमबीची पेजेस, म्हणजे मेमरीचे मोठे तुकडे, द्यायची. पायऱ्या कमी होतात आणि चिपला लक्षातही कमी ठेवावं लागतं. तुझी पुराची मॉडेलं मेमरीत भटकंती करणारी आहेत, तेव्हा हे कागदावर लिहून ठेव. तू लिहिणार नाहीस, मला माहीत आहे.

आता खरी अडचण. कोअरसारखी मेमरीही जास्तीची कबूल करता येते. तू आठ जीबी मागितलेस म्हणून मी पहिल्या मिनिटाला आठ जीबी देत नाही. तू ज्या पेजला हात लावशील तेवढंच देते. बहुतेक गेस्ट सगळं कधी वापरतच नाहीत, म्हणून कबूल केलेल्या मेमरीची बेरीज खऱ्या रॅमपेक्षा जास्त असली तरी दिवस निभावतो. पण ज्या दिवशी सगळेच मागतात त्या दिवशी काय? वेळ परत घेता येतो, पेज तसं घेता येत नाही, कारण त्यात काहीतरी लिहिलेलं असतं. ते आधी कुठेतरी ठेवावं लागतं.

इथे दोन रस्ते आहेत, आणि सगळं वजन मी एकाच्या बाजूनं टाकते. पहिला रस्ता म्हणजे गेस्टला न सांगता त्याचं पेज होस्टनं आपल्या डिस्कवर टाकणं. होस्टला बाहेरून काय कळणार, कुठलं पेज मोलाचं आणि कुठलं टाकाऊ? आणि यातून जो गोंधळ होतो तो ऐक. गेस्टलाही मेमरी कमी पडते. तोही जुनंपानं पेज शोधतो आणि नेमकं तेच निवडतो जे होस्टनं आधीच डिस्कवर टाकलेलं असतं. मग होस्ट ते डिस्कवरून धापा टाकत परत आणतो, कशासाठी, तर गेस्टला ते आपल्या डिस्कवर टाकता यावं म्हणून! मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत?"

दुसरा रस्ता बोलण्याचाच आहे. व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्डस्पर्गरनं २००२ मध्ये आपल्या निबंधात तो मांडला. गेस्टच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवायचा, त्याचं नावच बलून. होस्टला मेमरी हवी असली की तो फुगतो, म्हणजे आतूनच गेस्टकडे पेजेस मागतो. काय सोडायचं ते गेस्ट ठरवतो, कारण त्याचं त्यालाच ठाऊक. सोडलेली पेजेस बलून होस्टच्या हवाली करतो. निकड संपली की बलून आक्रसतो. याच्यातही दोष आहेत; फुगायला वेळ लागतो, आणि गेस्ट आधीच गांजलेला असेल तर आतल्या प्रोसेस मारल्या जाऊ शकतात. तरी मागून घेणं आणि न सांगता काढून घेणं यात मला जमीनअस्मानाचं अंतर वाटतं. २०२० मध्ये लिनक्स ५.७ मध्ये तर गेस्टनं आपणहून, ही पेजेस मोकळी आहेत, असं होस्टला कळवायची सोय आली. त्या दिवशी तुला फोन करणार होते, पण तिकडे रात्र होती.

पवईचंही सांगायचं राहिलं. आयआयटी मुंबईत पुरुषोत्तम कुलकर्णी आणि त्यांचे विद्यार्थी नेमक्या याच प्रश्नावर काम करत आलेत. प्रतीक शर्मांबरोबरचा २०१२चा त्यांचा 'सिंगलटन'वरचा निबंध मी पुन्हा वाचला. लिनक्समध्ये २००९पासून केएसएम आहे, ते सारख्या मजकुराची पेजेस शोधून एकच प्रत ठेवतं. या दोघांनी पाहिलं की एकच फाइल गेस्टच्या कॅशमध्येही पडून असते आणि होस्टच्या कॅशमध्येही, कारण दोघांना एकमेकांची खबर नाही. केएसएमच्या फेरीतच ही दुबार पेजेस हेरून होस्टकडची प्रत काढून टाकायची, इतकी सरळ कल्पना. आपल्या माणसांनी आपल्या इथे बसून केलेलं हे काम आहे, आणि आपल्या कॉलेजात ते कुणी शिकवलं नाही याची मला फार चुटपुट लागते. अर्थात पेजेस वाटून घेण्याला एक धोकाही आहे. वाटलेल्या पेजवर लिहायला वेळ जास्त लागतो, आणि त्या वेळेवरून शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून २०१४ मध्ये व्हीएमवेअरनं वेगवेगळ्या मशीनमधली वाटणी आपोआप चालू ठेवणं थांबवायचं ठरवलं. बरोबर केलं. अनोळखी भाडेकरूंत भिंत हवीच.

बरं, तुझ्या नदीकडे येते. 'टॉप' ही आज्ञा चालवलीस की तो साठचा आकडा दिसतो ना, त्याच ओळीत उजव्या टोकाला 'एसटी' लिहिलेलं असतं. त्याला स्टील टाइम म्हणतात. तुझ्या व्हीसीपीयूला धावायचं होतं पण होस्टनं कोअर दुसऱ्याला दिला, तो वेळ तिथे मोजलेला असतो. हा आकडा गेस्टला आपणहून कळत नाही, हायपरव्हायजर तो सांगतो. म्हणून मला तो अख्ख्या यंत्रातला सर्वांत सभ्य आकडा वाटतो. तुझे उरलेले चाळीस टक्के मला तिथेच सापडतील असं वाटतं.

तिकडे एकटीनं दिवसदिवस स्क्रीनपुढे बसतेस, जेवायचं विसरतेस, आवाजावरून कळलं मला. आई विचारते, दिवाळीला येणार का. चिन्नोर तोवर कापणीला येईल, नवा तांदूळ तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगते.

पण आधी एवढं कर. दुपारी मशीन रडायला लागलं की लगेच टॉप लाव आणि एसटीचा आकडा लिहून घे. तो सतत दहाच्या वर असेल तर आठ व्हीसीपीयू मागायच्या फंदात पडू नकोस, त्यानं रांग हटणार नाही. कोअर वाटून न घेणारं मशीन घे, दोनच व्हीसीपीयूंचं घेतलंस तरी चालेल, आणि मोठी पेजेस चालू करायला सांग. एसटी शून्य निघाला तर मात्र मला आकड्यांसकट लिही, तो वेगळा आजार आहे.

तुझीच