कृष्णेवरील नौकाविहार

आश्विनांत कृष्णेचें पाणी निवळतांच आमचें नौकामंडळ सांगलीच्या बंधाऱ्याखालून हरिपुरास निघालें. आमच्या होडींतील एका सोबत्याचें घर २०१९ च्या महापुरांत बुडालें होतें; त्या वर्षीं आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें होतें. तेव्हांपासून तो घाटाची शेवटची पायरी कधीं उतरला नव्हता. आजहि तो होडीचे दोन्ही कांठ घट्ट धरून बसला होता. खंड्या सुळकन् पाण्यांत शिरला, तरी त्याची मान वळली नाहीं. (हरिपुरचीं हळदीचीं पेवें पाहावयाचीं राहिलीं, तें असो.) पुढें उजवीकडून वारणा येऊन मिळते. तिच्या लोटानें होडी तिरपी झाली आणि पुढचा वल्हेकरी अगदीं दमला. तेव्हां आमच्या मित्रानें मुकाट्यानें त्याच्या हातचें वल्हें घेतलें, तें संगमेश्वराच्या पायऱ्यांना होडी लागेपर्यंत कोणासहि दिलें नाहीं.