लाँच परतल्यावरची घारापुरी

घारापुरीची लेणी आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शाळेची सहल, महिला मंडळाची सहल, नाहीतर गावाकडचे पाहुणे आले म्हणून गेटवेला जायचे, लाँचमध्ये बसायचे, तासाभराने बेटावर उतरायचे. छोट्या गाडीतून धक्का पार करायचा, पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्तीपुढे फोटो काढायचा आणि उन्हे कलली की परत फिरायचे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या मांडून बसलेली माणसे रात्री कुठे जातात, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ती कुठेच जात नाहीत. ती तिथलीच आहेत.

हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे, मिळून हजार-बाराशे लोकवस्ती, मुख्यतः आगरी-कोळी समाजाची. (बेटावरचे मोराबंदर वेगळे आणि उरणचे मोरा बंदर वेगळे, नवख्या माणसाचा इथे हटकून घोटाळा होतो.) पर्यटकाला बेटावर रात्री राहता येत नाही. पण आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची बहीण राजबंदरला दिली आहे. गेल्या फाल्गुनात, शिमगा आटोपल्यावर, सोमवारची रजा टाकून त्याच्याबरोबर मी तिच्या घरी पाहुणा म्हणून गेलो आणि रविवार-सोमवार असे दोन दिवस राहिलो.

घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि तीन मुले. मोठी मुलगी बारावी कॉमर्सला, उरणला आत्याकडे राहून शिकते. धाकटी दोघे घरीच.

या घराचा दिवस पाण्याने सुरू होतो. बेटावर विहिरी आहेत, बंधारा आहे, पावसाळ्यात तर पाणीच पाणी. पण फाल्गुन लागला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि चैत्रात दोर लांब करावा लागतो. लेणी खोदणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून डोंगरात पाण्याची टाकी का खोदून ठेवली, ते उन्हाळ्याच्या तोंडावर इथे आल्याशिवाय कळत नाही. पहाटे वहिनी आणि सासूबाई डोक्यावर हंडे घेऊन निघतात. एका खेपेत भागत नाही. मी सहज म्हणालो, "वहिनी, आता वीज आली, बरे झाले." तर म्हणाल्या, "भाऊ, लाईट आली, पन पानी अजून डोक्यावरच हाय."

विजेची गोष्टही सांगितली पाहिजे. समोर मुंबईचा झगमगाट, पलीकडे न्हावा-शेवा बंदराचे दिवे, पण बेटावर मात्र संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर चालायचा आणि मग काळोख. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आणली, तेव्हा स्वातंत्र्याला ७० वर्षे होऊन गेली होती. घारापुरी जागतिक वारसा ठरली १९८७ साली. म्हणजे लेण्यांना जगाने मान दिल्यावर शेजारच्या घरात पंखा फिरायला ३१ वर्षे लागली. आता त्या घरात पंखा आहे, मिक्सर आहे, फ्रिज आहे. सासरे सांगतात, फ्रिज आला त्या उन्हाळ्यात शेजारपाजारची पोरे नुसता बर्फ मागायला यायची.

घर चालते ते टपरीवर. पायऱ्यांच्या वाटेवर यांची टपरी आहे. माळा, टोप्या, दगडाचे छोटे हत्ती, आणि पुढे पाटीत काकडी, चिंचा, कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून. माकडांचा उपद्रव फार. पाटीवर एक डोळा आणि गिऱ्हाइकावर एक डोळा ठेवून वहिनी तीन भाषांत भाव सांगतात. त्या मुळात सातवी शिकलेल्या, पण हिंदी, गुजराती आणि कामापुरते इंग्रजी इथेच शिकल्या.

आमचा पेशा खर्डेघाशीचा, त्यामुळे हिशेब विचारल्यावाचून राहवत नाही. त्यांचे वर्ष असे आहे: दिवाळीपासून होळीपर्यंत गिऱ्हाईक, पुढे ऊन वाढेल तसे कमी, मग मुलांच्या सुट्टीत थोडी गर्दी, आणि पावसात समुद्र खवळला की लाँच बंद, टपरी बंद. जून-जुलै मासेमारीलाही बंदी. पावसावरचे एक पीक भाताचे, तेही घरापुरतेच. फाल्गुन हा म्हणूनच त्यांचा मोजदादीचा महिना. गाठीला किती राहिले आणि पुढे किती महिने काढायचे, हे याच दिवसांत ठरते. ज्याला आपण सहलीचे ठिकाण म्हणतो, त्याच्यावर कोणाची तरी चूल पेटते. मी स्वतः पूर्वी अशा टपरीवर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणारांपैकीच. हे इतरांना सांगण्यापूर्वी मलाच सांगायला हवे.

शेवटची लाँच गेली की बेट एकदम शांत होते. टपऱ्यांवर प्लॅस्टिक ओढून माणसे टेकडीच्या कडेकडेने आपापल्या गावी परततात. त्या वेळी आंब्याच्या मोहोराचा वास येतो, जो दिवसा गर्दीत जाणवत नाही. राजबंदरच्या ओट्यावर तांदळाची भाकरी, खाडीतल्या चिंबोऱ्यांचे कालवण असे जेवण झाले. जेवणानंतर धाकट्याने मला अटल सेतूचे दिवे दाखवायला वर नेले. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा जवळपास २२ किलोमीटरचा पूल बेटाच्या उत्तरेकडून जातो. "काका, एवढा मोठा पूल, पण आपल्याकडे उतरत नाय," तो म्हणाला. त्याला उत्तर देण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते.

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून हा घराचा वार. ओहोटीला भोवतालचा चिखल उघडा पडतो. सासूबाई कोयती आणि टोपली घेऊन कालवे काढायला गेल्या. अंगणात जवळा आणि बोंबील वाळत होते. आगोटीची बेगमी आतापासूनच सुरू होते, कारण पावसाळ्यात कोरड्यासाबरोबर खायला हेच. सासरे जाळे विणत बसले होते. त्यांनीच सांगितले म्हणून आम्ही पूर्वेकडच्या टेकडीवर जाऊन आलो. तिथे विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत. पश्चिमेकडची लेणी कोरली गेली, त्याच्या कितीतरी शतके आधी इथे बौद्ध वस्ती होती, असे अभ्यासक मानतात. वाट झाडीझुडपांची आहे. आपले लोक इतक्या संख्येने घारापुरीला येतात, पण ही टेकडी बघून जाणारे क्वचितच, असे सासरे म्हणाले. गवतातल्या त्या उंचवट्यासमोर आम्ही हात जोडले, थोडा वेळ बसलो आणि उतरलो.

मोठी मुलगी शनिवारीच घरी आली होती. तिचा एक पेपर राहिला होता, पण चार दिवसांची फट मिळाली म्हणून. टपरीची वही तीच लिहिते: जमा, उधारी, घाऊक व्यापाऱ्याचे देणे, सगळे वेगवेगळ्या पानांवर. वही मी पाहिली. आमच्या कचेरीत पगार घेऊन लिहिणाऱ्यांपेक्षा नीटनेटकी. तिने बी.कॉम. बद्दल विचारले, मी सांगितले. वडिलांचे म्हणणे, शिकून परत येऊन टपरी वाढवावी. आजीचे म्हणणे, पाणी भरायला परत कशाला यायचे? आई दोघांचेही ऐकते आणि काही बोलत नाही. तिची काळजी वेगळीच. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून इकडे येणाऱ्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. तेव्हापासून मुलगी पाण्यावर असली की ती पोहोचल्याचा फोन येईपर्यंत वहिनींच्या तोंडात घास उतरत नाही.

दुपारी भरतीला उरणकडची होडी लागली. मुलीच्या एका हातात आत्यासाठी सुक्या जवळ्याची पुडी, दुसऱ्या हातात बुक-कीपिंगचे पुस्तक. वहिनींनी स्वतःच्या हाताने तिच्या लाइफ जॅकेटचे बंद आवळले, पुन्हा एकदा ओढून पाहिले, आणि होडी सुटण्याआधीच म्हणाल्या, "पोचलीस का फोन कर." होडी वळली तशी त्यांनी रिकामे हंडे उचलले आणि विहिरीकडे निघाल्या.