मरण नाकारणारे प्रथिन

मरण हा शब्द आपणां माणसांना नकोसा. देहातील पेशींना मात्र ते नित्याचे आहे. आईच्या उदरात बाळाच्या बोटांमधील पडदा विरतो, तो तेथील पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणूनच. या शिस्तबद्ध मरणाला १९७२ साली कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पानगळ.

पेशीने जगावे की मरावे, हे ठरविण्यात काही प्रथिनांचा मोठा वाटा असतो. त्यांपैकी ‘बीसीएल-२’ हे मरण रोखणारे. लसिका पेशींच्या एका कर्करोगात ते प्रथम आढळले. ते पेशींची वाढ घडवीत नाही, त्यांना मरू देत नाही, हे १९८८ साली मेलबर्न येथील संशोधकांनी दाखविले.

आमच्या थोरल्या बहिणीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढल्यावर अहवालात याच प्रथिनाची ठळक नोंद आली. आम्ही भावंडांनी डॉक्टरांना विचारले, “न मरणाऱ्या पेशींची गाठ अधिक घातक नव्हे काय?” त्यांनी सांगितले, की स्तनाच्या कर्करोगात हे चिन्ह बहुधा आशेचे असते. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे प्रथिन वाढते. साहजिकच ते दाखविणाऱ्या गाठी पुष्कळदा संप्रेरकावर पोसलेल्या, सावकाश वाढणाऱ्या आणि टॅमॉक्सिफेनसारख्या औषधाला दाद देणाऱ्या असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात तर इतर लक्षणे हिशेबात घेऊनही या प्रथिनाचा शुभसंकेत टिकून राहिला.

तथापि ताईचा प्रश्न निराळाच होता : “मी किती वर्षे जगेन, ते सांगा.” त्याचे उत्तर अहवालात नव्हते. असे चिन्ह हजारो स्त्रियांच्या वाटचालीवरून बेतलेले असते. एकीच्या आयुष्याची तारीख ते सांगत नाही. उपचार किती कडक हवेत, हे ठरविताना गाठीचा आकार, काखेतील गाठी आणि संप्रेरकाची तपासणी यांच्या जोडीला बसणारा तो एक साक्षीदार होय. एकट्या साक्षीवर निकाल लागत नाही.

हे आम्ही तिला जसेच्या तसे सांगितले. खोटा दिलासा दिला नाही की भयही घातले नाही. तिने क्षणभर विचार केला आणि पुढच्या तपासणीचा दिवस विचारला. आजारी माणसाजवळ बसणाऱ्या आप्तांना एवढेच करता येते : चिन्हाला चिन्हच म्हणावे, आणि त्या दिवशी सोबत जावे.