वारा कुठून आहे?

कापसाच्या आगीला आवाज नसतो. कडबा भडकतो, लाकूड तडतडतं. रुईची गाठ मात्र आतल्या आत धुमसत राहते. आग विझली म्हणून माणसं घरी जातात आणि तिसऱ्या दिवशी तीच गाठ पुन्हा पेट घेते. माझं लहानपण खामगावात, जिनिंगच्या भोंग्यावर गेलं. भोंगा अवेळी वाजला की आळीतला बाप्या जेवत्या ताटावरून उठायचा. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागायची, हातोहात बादल्या जायच्या. जो सगळ्यांत आधी आत शिरेल त्याचं बाकीच्यांनी ऐकायचं, असा तेव्हाचा रिवाज होता.

१९८३ साली मी घाटाखालच्या एका नगरपालिकेत बंबावर लागलो, तेव्हाही तोच रिवाज. शिक्षण म्हणजे पाइप उलगडणं, गुंडाळणं, शिडी चढणं आणि जमादाराच्या शिव्या. "काहून उभा रायला बे? पाणी मार!" आमचं पाठ्यपुस्तक एवढंच. पुढच्याच वर्षी भोपाळची वायुगळती झाली. पेपर वाचून हळहळलो आणि म्हणालो, आपल्याकडे काय, कापूस अन् कडबा. सहा नंबरचा हायवे मलकापूर, नांदुरा, खामगाव करत कोलकात्याकडे जात होता, त्यावरून रात्रंदिवस टँकर धावत होते. पण टँकरवर एक पाटी असते आणि ती आपल्यासाठीच असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

टँकर उलटला की आसपासच्या गावांतली माणसं डबे-कळश्या घेऊन पळत सुटायची. गोडं तेल असो की डिझेल, आम्ही पोचेतो निम्मं घरोघरी गेलेलं असायचं. "विडी विझवा रे," एवढं ओरडायचो आणि त्याच गर्दीत उभे राहायचो.

एकदा बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. मी ओला टॉवेल तोंडाला बांधून आत गेलो, चाचपडत झडप बंद केली. बाहेर लोकांनी हार घातला. पुढे दोन महिने रात्र-रात्र खोकलो, पण हार घराच्या खुंटीवर वर्षभर होता. खरं सांगायचं तर त्या हाराचा अभिमान अजून पुरता गेलेला नाही.

आता पुतण्या अग्निशमन दलात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून आला. ते कॉलेज आमच्यापासून रात्रीच्या एसटीइतकं लांब, मी नोकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. माझं मात्र कधी जाणं झालं नाही. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही सलामी द्यायचो, ती १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांसाठी. 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सोबत शेकडो टन स्फोटकंही. माझ्यासाठी ती सलामी होती, पुतण्यासाठी धडा. "काका, पयला प्रश्न एकच," तो म्हणतो, "आत काय आहे?"

मागे एका कारखान्यातल्या रंगीत तालमीला त्यानं मला नेलं. १९८९च्या नियमांनंतर धोकादायक रसायनं बाळगणाऱ्या मोठ्या कारखान्यांना अशा तालमी बंधनकारक झाल्या. मला वाटलं होतं, भोंगा झाला की पोरं धावतील. धावलं कुणीच नाही. म्होरक्या लांब, उंचवट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उभा. दुर्बिणीतून टँकरच्या पाटीवरचा आकडा वाचतोय. १२०३ म्हणजे पेट्रोल. नुसतं पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत आग पुढं नेईल, फेस पाहिजे. १०१७ म्हणजे क्लोरीन. हवेहून जड, नाल्याच्या अंगानं खालच्या वस्तीत उतरेल. आणि १००५? पुतण्या माझ्याकडे बघून हसला. माझाच तो अमोनिया.

जमिनीवर तीन पट्टे आखले. लाल पट्ट्यात फक्त बंद पोशाखवाले, बाहेर येताना प्रत्येकाला धुऊन काढायचं, आत किती गेले आणि किती परतले त्याची मोजदाद. रुग्णवाहिका कुठं थांबेल, गाव कोणत्या वाटेनं हलवायचं, कलेक्टरांना कोण कळवेल, सगळं त्या उभ्या माणसाच्या तोंडून. पाइपाला त्यानं हातही लावला नाही. आमच्या जमादारानं त्याला उभं सोललं असतं.

हे सगळं जडच वाटलं मला. १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस पेटली आणि २५ माणसं गेली, तिथं कुठला आकडा वाचायचा होता? डिझेल, नेहमीचंच. पुतण्याला विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिथं वाट पाहायला वेळच नसतो, काका. कुठं थांबायचं अन् कुठं नाही, तेच तर शिकवतात."

तालमीत मधेच प्रशिक्षकानं विचारलं, "वारा कुठून?" पोरांनी माना वर करून खांबावरची वाऱ्याची पिशवी शोधली. माझा हात आपसूक खाली गेला. खळ्यावर ज्वारी उफणताना तिवईवर चढायच्या आधी बाप करायचा तसं चिमूटभर माती उचलली, सोडली. पूर्वेकडे गेली.

"काका," पुतण्या लांबून ओरडला, "तिथं नोका थांबू, इकडं या."

मी गेलो.