डहाणूच्या भिंती
डहाणूहून गंजाडकडे गेलात, तर वारल्यांच्या कुडाच्या भिंती निवांत पाहा. जिव्या सोमा मशे याच परिसरातले. गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक सवाशिणी मिळून लिहितात; त्याची नक्कल मात्र करू नये, तो विधी आहे. वर्तुळ, त्रिकोण, रेषा यांवरच सारे उभे असल्याने कापऱ्या हातालाही ही लिपी परकी वाटत नाही. आपल्या सोसायटीची भिंत रंगवाल, तेव्हा दोन ते चार फूट उंचीचा पट्टा व्हीलचेअरवरील आजींसाठी राखा. काडीला कापड गुंडाळून मूठ जाड करा. त्यांची रेघ वाकडी गेली, तरी पुसून सरळ करू नका. विषय म्हणून तारपा नाचाचे वेटोळे घ्यावे. त्यात प्रत्येकाला आपले एक माणूस जोडता येते.