बोलीवर हसू की बोलीत हसू?

संभाजीनगरच्या गुलमंडीत अर्धा तास नुसते कान उघडे ठेवून फिरा. मराठी, हिंदी, दखनी... सगळं एकाच वाक्यात! १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानातच होतो ना. त्यांचं 'नक्को' म्हणजे आपलं 'नको'च की.

पण पडद्यावर? 'गुमनाम' (१९६५) मध्ये मेहमूद ही बोली बोलतो आणि असतो बटलर. धमाल करतो, प्रश्नच नाही. पण हिरो तसं बोलत नाही.

हॉलिवूडनेही हेच केलं. जॉन फोर्डच्या विनोदी 'जज प्रीस्ट' (१९३४) मध्ये स्टेपिन फेचिट हा कृष्णवर्णीय नट रेंगाळत बोलणारा गडी, तर हॅटी मॅकडॅनियल मोलकरीण. दोघंही कसलेले कलाकार, भूमिका मात्र ठरलेल्या.

मग २००५ मध्ये 'द अंग्रेज' आला. चारमिनारजवळचा इस्माईलभाई आणि अमेरिकेहून आयटी कंपनीत आलेले दोन हिरो. इथे बोली नोकरापुरती नव्हती. अख्खा सिनेमा तिच्यावर उभा होता. वर आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचीही फिरकी!

विनोद नकोच, असं कोण म्हणतंय? फक्त तो करायचा हक्क त्या बोलीवाल्यालाही हवा. पुण्याच्या हापिसात "ए, जरा तुमच्यासारखं बोलून दाखव ना" हे ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.