मायाबाईंची बाजू

सिलतरा, रायपूर

चि. सोनूस,


तुझा मेसेज मिळाला. ‘मामा, तुझी ती साराभाई तीन भाग बघून बंद केली. सासू सुनेला सारखे टोमणे मारते, यात हसायचं काय?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर ‘बरं बरं’ म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून पत्र लिहायला बसलो. जनरल शिफ्ट आटोपलीय, चहा झालाय, तेव्हा आता ऐक.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ स्टार वन वाहिनीवर सुरू झाली ती 1 नोव्हेंबर 2004 ला. हा आमच्या छत्तीसगडचा स्थापना दिवस. राज्य तेव्हा चार वर्षांचं झालं होतं. 2006 मध्ये मालिका संपली. सगळे मिळून सत्तरच्या आसपास भाग. टीआरपी असा तिला कधी मिळालाच नाही. प्रेक्षक जमले ते ती बंद झाल्यावर, आधी पुनःप्रक्षेपणांतून आणि मग मोबाइलवर. माझ्यासारखे वेडे बहुतेक या उशिरा आलेल्यांतलेच. त्या काळात घरोघरी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ चालू होती. साराभाई आतिश कपाडियाने लिहिली, तीही सासू-सुनेचीच गोष्ट, फक्त यांचं भांडण तिजोरीच्या किल्ल्यांवरून नाही, टेबल नॅपकिनवरून. तू जे टोमणे म्हणतेस ना, तीच तर गंमत आहे बाई! कफ परेडच्या घरात राहणाऱ्या मायाला सुनेचं मनीषा हे नावसुद्धा मिडल क्लास वाटतं, म्हणून ती त्याचं मोनिशा करून टाकते. तुझ्या आईच्या वर्गात मनीषा किती होत्या ते तिलाच विचार.

लोक म्हणतात, माया म्हणजे श्रीमंतीचा माज, आणि मोनिशा म्हणजे आपण. निम्मं खरं आहे. साबणाच्या पुड्यावर बादली फुकट मिळते म्हटल्यावर मोनिशाच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मी आपल्या घरात पुष्कळदा पाहिलीय, तुझ्या आजीपासून. पण मी मात्र मायाच्या बाजूचा आहे, आणि मला तिच्या बाजूला ढकललं ते सिलतऱ्याने.

तू इथे आलेली नाहीस. बिलासपूर रस्त्यावर रायपूर मागे पडलं की चिमण्या दिसायला लागतात. इकडे बहुतेक सगळं स्पंज आयर्नचं काम. लांबलचक फिरत्या भट्ट्यांत लोहखनिज आणि कोळसा हजार अंशांच्या आसपास तापवायचा, की खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड उरतं. त्याची काळी पूड सगळीकडे उडते. सकाळी खिडकीचा कट्टा पुसला तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. फ्रिजवरचं लोहचुंबक त्यावरून फिरवलं की त्याला बारीक काळ्या मिशा फुटतात. कॉलनीतल्या पोरांचा हा आवडता खेळ. आणि अशा ठिकाणी आमच्या शेजारच्या वहिनी पाहुण्यांना चहा देतात तो ट्रेमध्ये, खाली क्रोशाचा पांढरा रुमाल घालून. रोज धुतलेला! कोणी कपबशी टेबलावर तशीच टेकवली की वहिनींची डावी भुवई वर जाते. रत्ना पाठक शाह यांची माया मला कळली ती त्या भुवईमुळे. आजूबाजूचं जग आपलं ऐकत नाही, तरी आपण आपली रीत सोडायची नाही, हा हट्ट कफ परेडमध्ये हास्यास्पद दिसतो. सिलतऱ्यात त्याला शौर्य म्हणावं लागतं. मायाला लेखकाने सगळी उत्तम वाक्यं दिलीत ती उगाच नव्हे. तिच्यावर हसता हसता आपण तिची वाट बघायला लागतो.

रत्नाबाई या दीना पाठक यांच्या कन्या. त्यांची बहीण सुप्रिया पाठक ‘खिचडी’तली हंसा, आणि ‘खिचडी’ही साराभाई करणाऱ्यांचीच मालिका. एका बहिणीला चमचा कुठल्या बाजूला ठेवायचा याची काळजी, दुसरीला कशाचीच नाही!

आता तू ज्याच्याकडे बघितलंच नसशील तो साहिल. आपला सुमीत राघवन. आई, बायको, बाप आणि कवी भाऊ यांच्या मध्ये सापडलेला एकमेव शहाणा माणूस. शहाण्याचं काम विनोदात सगळ्यांत अवघड, कारण हशा दुसऱ्यांना मिळतो आणि याने फक्त वेळेवर हताश व्हायचं असतं. ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये तू त्याला डॉ. लागूंच्या भूमिकेत पाहिलायस. आता तोच माणूस आईचं बोलणं ऐकताना नुसते डोळे कसे मिटतो ते बघ. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तऱ्हेवाईक कुटुंबाचं कौतुक नवं नाही, पण चिमणराव स्वतःच फजितीत सापडतात. साहिल दुसऱ्यांच्या फजितीचा साक्षीदार.

त्या कवी भावाच्या, रोसेशच्या कविता तुला सहन झाल्या नाहीत, ते समजू शकतो. त्या वाईटच असायला हव्यात. आमच्या कंट्रोल रूममध्ये एक आरंगचा मुलगा आहे, त्याला रोसेश झालेल्या राजेश कुमारचा तो नाकातला आवाज हुबेहूब जमतो. रात्रपाळीला तापमानाचे आकडे तो त्याच आवाजात वाचून दाखवतो, आणि वर ‘मॉमा’ जोडतो. हिंदी, छत्तीसगडी, ओडिया, मराठी, सगळे एकदम हसतात. इतक्या भाषांच्या माणसांना एकाच क्षणी हसताना मी एरवी फक्त क्रिकेटच्या वेळी बघितलंय.

आणि इंद्रवदन, साहिलचा बाप. तो रंगवणारे सतीश शाह 25 ऑक्टोबर 2025 ला गेले. अंत्यसंस्काराच्या वेळी मालिकेतल्याच देवेन भोजानी, रूपाली गांगुली आणि बाकीच्यांनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. काहींना ते खटकलं. मला नाही खटकलं. बायकोला चिडवण्यासाठी सुनेची बाजू घेणारा आणि पोटच्या कवीला सळो की पळो करून सोडणारा तो म्हातारा खोडकर, त्याला दुसरा कुठला निरोप शोभला असता?

2017 मध्ये हॉटस्टारवर हेच कुटुंब परत आणलं होतं. माणसं तीच, टवटवी नाही. प्रेमापोटी मी सगळे भाग पाहिले आणि पुन्हा कधी लावले नाहीत. काही मंडळींना परत बोलावू नये, एवढंच माझं मत.

तेव्हा आता असं कर. पहिल्या काही भागांत पात्रांची ओळखपरेड चालते, ती सोडून दे. मधला कुठलाही भाग लाव, ज्यात ऐकू न येणारा मधुफुफा असेल तो मिळाला तर उत्तम. बघताना मोबाइल हातात घेऊ नकोस, कारण अर्धा विनोद बोलणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. एकटी बघू नकोस, आईला शेजारी बसव. आणि 2017 चे भाग चुकूनही आधी लावू नकोस.

तुझा,
मामा